करंजघाटच्या लॉजची सिंगापुरातली वही

सिंगापूरला निघालेल्या बाईला गावात एकच प्रश्न विचारतात, "मुलाकडे की मुलीकडे?" मला दोन्ही नाहीत. त्यामुळे "लॉजच्या कामासाठी चालले आहे" असं मी खरं ते सांगून टाकायची, आणि समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. तीस वर्षं हायस्कुलात इतिहास शिकवून निवृत्त झालेल्या, चौसष्ट वर्षांच्या बाईचं लॉजमध्ये काय काम? आमच्या दूधवाल्यानं तर सरळ विचारलं, "बाई, तिकडं खोल्या भाड्यानं देणार का?"

आमचं करंजघाट म्हणजे घाटाच्या पायथ्याचं रेल्वेचं छोटं गाव. स्टेशनच्या मागं एक दुमजली दगडी इमारत आहे. आज तिच्यात सार्वजनिक वाचनालय आहे आणि मी, वसुधा, त्याची मानद चिटणीस. पण ती बांधली होती साहेबाच्या काळातल्या एका बंधुसंघानं. अशा संघाच्या शाखेला 'लॉज' म्हणत. महिन्यातून एकदा सभासद जमायचे, दारं लावून घ्यायचे, कमरेला एप्रन बांधायचे, एकमेकांना 'भाऊ' म्हणायचे आणि शेवटी एकत्र जेवायचे. बंद दाराआड काय चालतं हे कुणालाच ठाऊक नसल्यानं गावानं इमारतीला 'भूतखाना' हे नाव देऊन टाकलं होतं. सभासद सगळ्या तऱ्हेचे होते: रेल्वेचे गोरे अधिकारी, सोडावॉटरचा कारखाना चालवणारे पारशी शेठ, बँडचे गोवेकर फर्नांडिस मास्तर, लाकडाचे एक मुसलमान व्यापारी आणि एक मराठी वकील.

ते वकील म्हणजे माझे आजोबा. आम्ही त्यांना दादासाहेब म्हणायचो. लग्नानंतर माझं आडनाव बदललं, त्यामुळे हे नातं गावाबाहेर कुणाला माहीत असायचं कारण नाही.

वाचनालयासाठी मी लॉजचा इतिहास लिहायला घेतला होता. हाती फारसं काही नव्हतं. एक फोटो, जुनी दोन निमंत्रणपत्रं आणि आमच्या घरात पिढीजात सांगितली जाणारी एक गोष्ट, एवढीच शिदोरी. गोष्ट अशी, की लोकोशेडमधले तुळशीराम नावाचे फिटर त्या काळी अस्पृश्य मानलेल्या वस्तीतले; त्यांना सभासद करून घ्या म्हणून फर्नांडिस मास्तरांनी सूचना मांडली आणि तिला अनुमोदन दिलं दादासाहेबांनी. या गोष्टीचा आमच्या घरात केवढा अभिमान! मी तर त्यावर आख्खं प्रकरण लिहून ठेवलं होतं. 'समतेचं दार उघडणारे वकील' असं त्याचं नाव.

आणि मग वाचनालयाच्या पत्त्यावर एक ईमेल आली. 'मी सुजाता. सिंगापूरला संशोधनाचं काम करते. तुम्ही लॉजवर लिहिताय असं समजलं. तुळशीराम फिटर माझे आजोबा. त्यांनी लॉजबद्दल लिहिलेली वही माझ्या आईकडे आहे. पण आई ती पाठवणार नाही आणि फोटोही काढू देणार नाही. बघायची असेल तर तुम्हालाच यावं लागेल.'

बहिणीचा मुलगा निखिल सिंगापूरला नोकरीला आहे आणि "मावशी, ये ना एकदा" हे त्याचं पालुपद दर दिवाळीला असतंच. या खेपेला मी "येते" म्हणाले तेव्हा त्यानं दोनदा विचारून खात्री करून घेतली.

तांजोंग पगार

पहिले दोन दिवस मी नुसती बघत होते. रस्ते इतके स्वच्छ की चपला हातात घ्याव्यात असं वाटावं. झाडं मात्र आपल्या ओळखीची निघाली. पर्जन्यवृक्ष, चाफा, आंबा. ही शहरात राहून आलेल्या भावंडांसारखी दिसत होती, जरा जास्तच नीटनेटकी. हवा थेट कोकणातली. घाम पुसावा आणि पुन्हा पुसावा.

निखिलचं ऑफिस तांजोंग पगारला. उंच काचेच्या इमारती, आणि त्यांच्या पायाशी दोन मजली जुन्या दुकानघरांच्या रंगीत रांगा. खिडक्यांच्या झडपा हिरव्या, भिंती गुलाबी, दारात कुंड्या. शनिवारी तो मला आणि त्याच्या नऊ वर्षांच्या रेवाला तिथल्या हॉकर सेंटरमध्ये घेऊन गेला. मोठ्या छपराखाली शंभरेक गाळे, मध्ये बसवून टाकलेली टेबलं आणि माणसंच माणसं. निखिल रांगेत उभा राहिला. मला एक रिकामं टेबल दिसलं. त्यावर कुणीतरी कागदी रुमालांचं पाकीट विसरून गेलं होतं. शिक्षकी सवय! मी ते उचललं आणि टेबलं पुसणाऱ्या मावशींना नेऊन दिलं. हरवलेली वस्तू जमा करण्यात माझा हात कुणी धरणार नाही.

रेवा किंचाळली, "आजी, नो लाह! ते चोप आहे!"

"काय आहे?"

"चोप! म्हणजे त्यांनी टेबल धरलंय. टिश्यू ठेवला की टेबल त्यांचं."

तेवढ्यात टेबलाचे धनी, हातात वाफाळते ट्रे घेतलेले दोन चिनी तरुण, येऊन उभे राहिले आणि आपलं पाकीट शोधू लागले. मला धरणी दुभंगावी असं झालं. मी ते पाकीट परत आणून दोन्ही हातांनी त्यांच्यापुढं धरलं. ते खळखळून हसले, एकानं सरकून जागा केली आणि "आंटी, सिट, सिट" म्हणत आम्हाला त्याच टेबलावर बसवलं. शेजारच्या खुर्च्यांवर एक मलय जोडपं आलं, त्यांनी कुणाला काही विचारलंही नाही. एका टेबलावर तीन घरांची तीन जेवणं! आपल्याकडे खाणावळीत अनोळखी माणूस समोर बसला तर आपण निदान ताट तरी जवळ ओढतो.

शाकाहारी गाळ्यावरची लाक्सा मी खाल्ली. नारळाच्या दुधातला तिखट रस्सा आणि त्यात जाड शेवया. मग आणखी अर्धी. वर चेंडॉल, म्हणजे बर्फ, गूळ, नारळाचं दूध आणि हिरव्या जेलीच्या शेवया. मग निखिलच्या वाटीतलंही थोडं. परिणाम रविवारी पहाटेपासून भोगला. दोष लाक्साचा नव्हता, माझ्या हावरेपणाचा होता.

आंग मो किओ

आणि सोमवारी तर सुजाताच्या आईकडे जायचं ठरलेलं. "पुढं ढकलू या का?" निखिल म्हणाला. ज्या वहीसाठी आले ती पुढं ढकलायची? मी मीठ-साखरेच्या पाण्याची बाटली भरून घेतली आणि एमआरटीत, म्हणजे तिथल्या मेट्रोत, बसले.

आंग मो किओ ही सरकारी घरांची मोठी वसाहत. एकसारख्या उंच इमारती, तळमजला मोकळा सोडलेला. तिथं सावलीत म्हातारी मंडळी बुद्धिबळासारखा काहीतरी खेळ मांडून बसली होती. नवव्या मजल्यावर सुजातानं दार उघडलं. पन्नाशीतली, केस बारीक कापलेली, हसरी. आत खुर्चीवर तिची आई ताराताई. पंच्याऐंशीच्या आसपास, नऊवारी नेसलेल्या, पाठ ताठ. भिंतीशी बुद्धाची छोटी मूर्ती, समोर ताजी फुलं. आणि घरभर खमंग वास. वांगी भाजल्याचा आणि ज्वारीच्या भाकरीचा.

"या बाई. गावाकडचं माणूस किती वर्षांनी आलं. आधी जेवून घेऊ, मग बोलू."

माझ्या पोटात पुन्हा गोळा उठला. "ताराताई, माफ करा," मी म्हणाले, "माझं पोट बिघडलंय हो. आज काहीच नको."

सुजातानं आईकडे पाहिलं.

"मग घोटभर पाणी तरी?" ताराताई म्हणाल्या.

"पाणी आहे माझं, बरोबर आणलंय," असं म्हणून मी पिशवीतून बाटली काढली आणि तोंडाला लावली.

ताराताई त्या बाटलीकडे बघत राहिल्या. मग उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि भांडी झाकून ठेवल्याचे आवाज आले. बाहेर आल्या तेव्हा त्यांचा चेहरा बंद झाला होता. मी वहीचं विचारलं. "सापडत नाही हल्ली," त्या म्हणाल्या. "बघते कधीतरी." दहा मिनिटांत मी लिफ्टमध्ये होते, आणि काय चुकलं ते मला उमगत नव्हतं. पहिल्याच भेटीत वहीचा विषय काढायला नको होता, अशी मी स्वतःची समजूत घातली.

वन-नॉर्थ

दुसऱ्या दिवशी सुजाताचा फोन आला. "बाई, दुपारी माझ्या ऑफिसपाशी येता का? आईला सांगू नका."

वन-नॉर्थ म्हणजे प्रयोगशाळा आणि ऑफिसांचा परिसर. गळ्यात ओळखपत्रं लटकवलेली तरुण मुलंमुली कॉफीचे पेले घेऊन लगबगीनं चाललेली. सुजाता तिथं आनुवंशिकतेवर संशोधन करते. तिनं मला एका झाडाखालच्या बाकावर बसवलं आणि चार कागद हातात दिले.

"आजोबांच्या वहीतली काही पानं मी लहानपणी हातानं उतरवून घेतली होती. आईला वाटलं तुम्हीही तशाच. वाचा, म्हणजे कळेल."

मी वाचू लागले. वाक्यं छोटी, हिशेबी माणसाची.

'आज सभा. मतदान झाले. काळी गोळी म्हणजे नकार. सर्व गोळ्या पांढऱ्या पडल्या. मी आत.'

'सभेनंतर जेवण. डाव्या हाताला फर्नांडिस मास्तर. उजवी खुर्ची वकीलसाहेबांची. पोट बिघडल्याने वकीलसाहेब घरी गेले.'

पुढच्या महिन्याची नोंद: 'वकीलसाहेबांचे पोट आजही बिघडले.'

त्याच्या पुढची: 'आज वकीलसाहेबांचे भाषण झाले. सर्व माणसे एका पातळीवर आहेत असे फार छान बोलले. टाळ्या झाल्या. नंतर पोट बिघडले.'

आणि त्याही पुढची: 'रेल्वेच्या डॉक्टरसाहेबांना विचारले, फक्त महिन्याच्या दुसऱ्या शनिवारी संध्याकाळी उठणारे पोटाचे दुखणे कोणते. डॉक्टरसाहेब हसले. औषध नाही म्हणाले.'

माझे कान तापले. आधी सोमवारची ती बाटली डोळ्यांपुढं आली. ताराताईंनी माझ्यासाठी वांगं भाजलं होतं आणि मी त्यांच्याच घरात तेच वाक्य म्हणाले होते, जे त्यांच्या वडिलांनी महिन्यामागून महिने वहीत उतरवलं होतं. मग दुसरी गोष्ट लक्षात आली, हे वकीलसाहेब म्हणजे आमचे दादासाहेब, आणि मी पहिला कागद पुन्हा वाचायला घेतला.

"बाई, खरंच तब्येत बरी नाही का तुमची?" सुजातानं विचारलं.

"खरंच बिघडलं होतं गं पोट. शनिवारी लाक्सा जास्त झाली. निखिलला विचार."

"माझा विश्वास आहे. ते वकील कोण, हे गावात कुणाला माहीत आहे का?"

खोटं बोलता आलं असतं. करंजघाट तिथून हजारो मैल दूर होतं. "मला माहीत आहे," मी म्हणाले. "माझे आजोबा."

सुजाताच्या ओठांचा कोपरा हलला, आणि पुढच्या क्षणी ती इतकी हसायला लागली की बाकावरून घसरायची राहिली. "बाई," डोळे पुसत ती म्हणाली, "मी वीस वर्षं आनुवंशिकतेवर काम करतेय, पण इतका स्पष्ट पुरावा कधी मिळाला नव्हता!"

मलाही हसू आवरेना. समोरून जाणारी मुलं वळून बघायला लागली. हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते कुठल्या प्रकारचं ते मी तपासलं नाही.

"आईला मी सांगणार नाही," सुजाता शेवटी म्हणाली. "ते तुम्हीच सांगा."

पुन्हा आंग मो किओ

गुरुवारी सकाळी मी ताराताईंना फोन केला. "पोट बरं झालंय. आज तुमच्याकडे जेवायला येते. चालेल?"

"या," एवढंच त्या म्हणाल्या.

या वेळी मी बाटली नेली नाही. दारातच पाणी मागितलं आणि तांब्याभर प्यायले. ताटात भाकरी, वांग्याचं भरीत, लसणीचा ठेचा, शेंगदाण्याची आमटी. वांगी, सुजाता म्हणाली, इथल्या भाजी-मासळीच्या बाजारातून ताराताई स्वतः हाताळून घेतात आणि भाजीवाल्या चिनी बाईशी शुद्ध मराठीत घासाघीस करतात. तिलाही ते कळतं म्हणे. आम्ही तिघी एकाच टेबलावर बसलो. ताराताई माझा घास बघत होत्या. पहिला, दुसरा, तिसरा. दुसरी भाकरी मी मागून घेतली, तिसरी त्यांनी न विचारता वाढली.

ठेच्यानं नाक वाहायला लागलं होतं. तशीच मी म्हणाले, "ताराताई, मला एक सांगायचंय. तुमच्या वडिलांच्या वहीतले वकीलसाहेब माझे आजोबा होते. हे मला आधी सांगायला हवं होतं. आम्ही घरात फक्त त्यांच्या अनुमोदनाची गोष्ट सांगत आलो. जेवणाचं कुणी बोललं नाही."

बाहेरच्या व्हरांड्यात कुणीतरी वाळत घातलेले कपडे बांबूवरून काढत होतं, त्याचा आवाज येत राहिला. ताराताईंनी हातातला तुकडा खाली ठेवला आणि थोडं पुढं वाकून विचारलं,

"मग खरं सांगा. त्यांचं पोट खरंच बिघडायचं का?"

माझी आत्या सांगायची ते मला आठवलं. लॉजच्या शनिवारी दादासाहेब लवकर घरी येत आणि आजी तवा तापवूनच बसलेली असे.

"नाही हो," मी म्हणाले. "घरी येऊन थालीपिठं खायचे. लोण्याबरोबर."

"किती?"

"चार."

"चार!" ताराताईंनी कपाळावर हात मारला आणि त्या हसायला लागल्या. सगळं अंग हलवून, आवाज न करता. हसणं ओसरल्यावर त्यांनी पदरानं डोळे टिपले. "बाबांना हे कळायला हवं होतं. डॉक्टरला विचारलं खरं त्यांनी, पण शेवटपर्यंत म्हणायचे, तारे, न जाणो, खरंच दुखत असेल बिचाऱ्याचं. आपण कशाला पाप लावून घ्यायचं?"

हे ऐकून मात्र मला हसता आलं नाही. चार थालीपिठांपेक्षा ते जड होतं.

त्या उठून आत गेल्या आणि पितळी डब्यातून कापडात गुंडाळलेली वही घेऊन आल्या. रेल्वेची जुनी वही, शाईच्या पेन्सिलीनं लिहिलेली, अक्षरं जांभळी. "शेवटून तिसरं पान काढ," त्या म्हणाल्या. 'तुम्ही'चं 'तू' कधी झालं ते दोघींच्याही लक्षात आलं नाही.

मी मोठ्यानं वाचलं. 'आज वकीलसाहेब थांबले. उजव्या खुर्चीत बसले. चहा घेतला व एक बिस्किट खाल्ले. ते काही बोलले नाहीत, मीही बोललो नाही. मास्तरांनी फिडल वाजवली. पोट ठीक होते असे दिसले.'

"एक बिस्किट," मी म्हणाले.

"एक तर एक," ताराताई म्हणाल्या. "बाबा त्या दिवशी घरी शीळ वाजवत आले. आईनं विचारलं, बढती मिळाली का? आता ऐक, वसुधा. वही तुला उतरवून घ्यायला देते. फोटो काढ, काय हवं ते कर. पण छापशील तर सगळं छापायचं. पांढऱ्या गोळ्या पण आणि पोट पण. नुसतं चांगलं चांगलं निवडणार असशील तर राहू दे."

"सगळं छापीन," मी म्हणाले.

"आणि थालीपिठं?"

"तीही."

"मग घे अजून अर्धी भाकरी."

टेकडीच्या उतारावर

माझ्या परतीच्या आदल्या दिवशी सुजातानं सुट्टी काढली. सिंगापुरातही तशाच एका बंधुसंघाची जुनी पांढरी इमारत आहे, शहराच्या मध्यावर, टेकडीच्या उताराला टेकलेली. "आईला दाखवू," ती म्हणाली. लांबचं चालवत नाही म्हणून ताराताई चाकाच्या खुर्चीत, डोक्यावर माझी छत्री, आणि जागोजागी उतार केलेले पदपथ. करंजघाटात ही खुर्ची स्टेशनच्या फाटकापर्यंतही पोचली नसती.

दारात एक वयस्क चिनी रखवालदार होते. सभासदांखेरीज कुणाला आत सोडता येत नाही असं त्यांनी अदबीनं सांगितलं. सुजातानं इंग्रजीत म्हटलं, "माझे आजोबा भारतात एका लॉजचे सभासद होते. ही त्यांची मुलगी." रखवालदारांनी ताराताईंकडे पाहिलं, आत जाऊन गार पाण्याचा पेला आणला आणि खुर्ची पोर्चच्या सावलीत, दाराच्या अगदी जवळ घ्यायला लावली. "आह-मा, यू सिट. नो हरी." आह-मा म्हणजे आजी.

दारावर बंधुसंघाची खूण होती, कंपास आणि गुण्या, म्हणजे काटकोन तपासायचं हत्यार. ताराताईंनी हात लांबवून बोटानं गुण्याची कड चाचपली. "बाबांच्या हत्यारपेटीत अस्साच होता. ते म्हणायचे, साहेबांनी माझीच हत्यारं सजवून दारावर लावलीत आणि मलाच आत यायला परवानगी हवी!"

मग थोडा वेळ त्या दाराच्या फटीतून आत दिसेल तेवढं बघत राहिल्या. "आतलं छत कसं असेल गं?"

"का हो?"

"आपल्या लॉजचं छत निळं होतं ना. वरच्या मजल्यावर. सोनेरी तारे काढलेले."

त्या वरच्या खोलीत माझं निम्मं आयुष्य गेलंय. तिथं आता बालविभाग आहे, आणि छत पांढरं आहे. चुन्याचं, पोपडे धरलेलं. "तारे नाहीत हो तिथं."

"नाहीत कसे? सभासद व्हायच्या कितीतरी आधी बाबांना वर झुंबर टांगायला बोलावलं होतं. शिडीवर चढले आणि वर बघितलं तर डोक्याला आभाळ टेकलेलं. भर दुपारी तारे. त्याच आठवड्यात मी झाले, म्हणून नाव तारा. पुढं बायकामुलांच्या संमेलनात बाबांनी मला खांद्यावर घेऊन दाखवलं होतं. पारशी शेठाणीनं केक दिला होता. मी तो खायचा सोडून वरच बघत बसले."

घरी परतल्यावर निरोप घेताना त्यांनी माझ्या हातात शेंगदाण्याच्या चटणीची पुडी ठेवली. "विमानात पोट बिघडलं तर खाऊ नको," त्या म्हणाल्या, आणि लिफ्टचं दार मिटेपर्यंत त्यांचं हसू दिसत होतं.

करंजघाट

परत आल्यावर मी 'समतेचं दार उघडणारे वकील' हे प्रकरण फाडलं आणि नव्यानं लिहिलं. वाचनालयाच्या समितीत वाचून दाखवलं. अध्यक्ष घसा खाकरून म्हणाले, "बाई, छान झालंय. ते पोटाचं तेवढं गाळता आलं तर बघा. तुमच्याच घरातली गोष्ट आहे, म्हणून आपलं सुचवलं."

"माझ्याच घरातली आहे म्हणूनच राहू दे," मी म्हणाले. पुस्तिका पोटासकट आणि थालीपिठांसकट छापायला गेली आहे.

आणि मग एका सकाळी वाचनालय उघडायच्या आधी मी आणि आमची ग्रंथपाल शैला बालविभागात शिडी घेऊन गेलो. शैलानं शिडी धरली आणि आयुष्यात पहिल्यांदा मी मुलांच्या पुस्तकांच्या कपाटाहून उंच चढले. ओल्या फडक्यानं छताचा एक कोपरा पुसला. चुना तेलरंगावर नीट धरलाच नव्हता, त्याचे पापुद्रे माझ्या केसांत आणि चष्म्यावर पडू लागले. खालून शैला म्हणाली, "बाई, काही नाही हो तिथं, उतरा." मी आणखी एकदा फडकं फिरवलं आणि पांढऱ्याखालून हाताच्या पंजाएवढं निळं बाहेर आलं. गडद, मोरपिशी. मग त्याच्या कडेला एक मळकट सोनेरी टोक. मग दुसरं.

शैलानं खालून सिंगापूरला फोन लावला आणि कॅमेरा वर धरला. तिकडे सुजाता काहीतरी ओरडली, फोन हलला, आणि पडद्यावर ताराताईंचा चेहरा आला, अगदी जवळ, कपाळच जास्त. त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं. माझा हात अवघडला होता, डोळ्यांत चुना गेला होता.

"हा बारका आहे," शेवटी त्या म्हणाल्या. "मोठा खिडकीकडे होता. पूर्वेच्या. शिडी तिकडं घे, वसुधा."

मी खाली उतरले, शैलानं आणि मी शिडी दोन्ही बाजूंनी उचलली, आणि आम्ही ती खिडकीकडे नेली.